मिश्र मल्लयुद्ध : डावांचा प्रवास आणि मल्लाची मजुरी



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांवर विद्वानांची भाषणे होतात, तेथे माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने मारामारी हा विषय घ्यावा, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या घरातली मुले हा खेळ रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर पाहत असतात, आणि आपण मात्र पडद्यावरचे रक्त पाहून मान फिरवतो. मान फिरवल्याने कोणतीही गोष्ट समजत नाही.

खेळ असा आहे. जाळीने बंद केलेल्या अष्टकोनी आवारात दोन मल्ल उतरतात. ठोसा चालतो, लाथ चालते, कुस्तीची पकड चालते, आणि खाली पाडल्यावर हात पिरगाळणे किंवा गळा आवळणे हेही चालते. समोरच्याने हाताने थाप मारली की तो हरला. याला मिक्स्ड मार्शल आर्ट्‌स, म्हणजे मिश्र मल्लयुद्ध, म्हणतात.

या खेळाचे मूळ सांगताना पुष्कळ लेखक थेट ग्रीसला जातात. तेथे ख्रिस्तपूर्व ६४८ मध्ये ऑलिंपिक सामन्यांत 'पॅन्क्रेशन' नावाचा प्रकार सुरू झाला. चावणे आणि डोळ्यात बोटे घालणे एवढेच त्यात वर्ज्य होते. ॲरिखियोन नावाच्या मल्लाची कथा ग्रीक ग्रंथांत आहे. ख्रिस्तपूर्व ५६४ मध्ये गळा आवळला जात असतानाच त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पायाला अशी पीळ दिली की त्याने हार पत्करली. पण तोवर ॲरिखियोनचा प्राण गेला होता, आणि विजयाचा मुकुट प्रेताच्या डोक्यावर ठेवावा लागला. कथा भव्य आहे. मात्र त्या ग्रीक मल्लापासून आजच्या खेळाडूपर्यंत गुरुशिष्यांची अखंड साखळी कोणी दाखवू शकत नाही. आपल्याकडेही सारे काही आमच्याकडूनच तिकडे गेले, असे छाती ठोकून सांगणारे भेटतात. त्यांनाही हेच उत्तर. साखळी जिथे खरोखर सापडते तिथून सुरुवात करावी हे बरे, आणि ती सापडते पोटासाठी देश सोडून गेलेल्या माणसांच्या मागोमाग.

जपानमध्ये १८८२ साली जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने तोक्योतील एका मंदिराच्या जागेत कोदोकान नावाची तालीम काढली. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे प्रकार त्याने रोजच्या सरावातून बाजूला काढले आणि उरलेल्या डावांवर आपली ज्यूदो विद्या उभी केली. वरवर पाहता त्याने शस्त्र बोथट केले. पण झाले उलटेच. जो डाव जिवाला धोका न होता पूर्ण जोराने रोज खेळता येतो, तोच आयत्या वेळी अंगातून निघतो. जो केवळ हवेत करून दाखवायचा, तो प्रसंगी साथ देत नाही. आपल्या तालमीतल्या कोणाही वस्तादाला हे पटवून द्यावे लागणार नाही. मातीत रोज जोड करणारा पोरगा आणि नुसती आसने दाखवणारा पोरगा यांतला फरक त्याला ठाऊक असतो.

या कोदोकानचा मित्सुयो माएदा नावाचा मल्ल १९०४ साली अमेरिकेला गेला. ज्यूदोच्या प्रचारावर पोट भरेना, तेव्हा तो पैशाच्या कुस्त्या करीत देशोदेशी फिरला आणि १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला. त्या देशात त्याच्या आधीच जपानी माणसे उतरू लागली होती. १८८८ मध्ये तेथे गुलामगिरी बंद झाल्यावर कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि १९०८ साली कासातो मारू या बोटीतून ७८१ जपानी करारबद्ध मजूर सांतोस बंदरात आले होते. माएदा पुढे उत्तरेकडे बेलेम शहरात स्थायिक झाला आणि जपानी वसाहतकऱ्यांची सोय लावण्याच्या कामात पडला. तेथेच कार्लोस ग्रेसी या तरुणाने त्याची विद्या पाहिली. कार्लोस आणि त्याचा धाकटा भाऊ एलियो यांनी रिओ शहरात आपली तालीम चालवली. जमिनीवर पाठ टेकलेल्या माणसाने वरच्याला कसे जेरीस आणावे, या एका प्रश्नावर त्या घराण्याने आयुष्य खर्ची घातले.

तेथे 'वाले तुदो' नावाच्या लढती होत. त्या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ 'सारे काही चालते'. १९५१ साली माराकानाच्या प्रचंड क्रीडांगणावर मासाहिको किमुरा या जपानी मल्लाने एलियोचा हात असा पिरगाळला की तो मोडला. तरी एलियो हार मानीना, शेवटी त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. ब्राझीलच्या लोकांनी त्या डावाला विजेत्याचेच नाव दिले. आजही त्याला 'किमुरा' म्हणतात.

मला मात्र त्याहून १९५५ ची लढत अधिक बोलकी वाटते. वाल्देमार सांताना हा बाहिया प्रांतातला काळा तरुण ग्रेसींच्या तालमीत पडेल ते काम करी आणि तेथेच शिके. मालकांशी त्याचे बिनसले आणि तो एलियोसमोर उभा राहिला. जवळजवळ पावणेचार तास ही लढत चालली, आणि अखेरीस सांतानाच्या लाथेने एलियो पडला. ग्रेसींच्या तालमीत जाड कापडाचा अंगरखा लागे, फी लागे. ज्यांना ते परवडत नसे, त्यांतल्या पुष्कळांनी 'लुता लिव्रे', म्हणजे मोकळी कुस्ती, धरली. या दोन पंथांचे वैर पुढे अनेक वर्षे चालले. त्याला तंत्राचा वाद म्हणतात, पण त्यात कोण कोणत्या वस्तीत राहतो याचा वाटा मोठा होता.

आता दुसरा प्रवाह पाहू. तो इंग्लंडातल्या लँकेशायरमधून निघतो. कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी यांचा हा मुलूख. येथील खाणकामगारांची आवडती कुस्ती म्हणजे 'कॅच ॲज कॅच कॅन', जिथे मिळेल तिथे धर. गिरणगावच्या गाळ्यांतून तालमी कशा उभ्या राहिल्या हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना विगन गावचे खाणकामगार परके वाटणार नाहीत. याच पद्धतीच्या नियमांनी आपला गामा पहिलवान १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये झिबिस्को या पोलिश मल्लाशी अडीच तासांहून अधिक वेळ लढला. झिबिस्को पोट जमिनीला चिकटवून पडून राहिला, लढत बरोबरीत सुटली, आणि पुढच्या आठवड्याच्या फेरलढतीला तो फिरकलाच नाही.

विगनला बिली रायली नावाच्या वस्तादाची साधीसुधी तालीम होती. १९५० नंतरच्या काळात कार्ल इस्ताझ हा बेल्जियन मल्ल तेथे तयार झाला आणि पुढे कार्ल गॉच या नावाने जपानला गेला. जपानी व्यावसायिक कुस्ती म्हणजे बव्हंशी आधी ठरवलेला खेळ, आपल्या भाषेत नुरा कुस्ती. गॉचने त्या नटांना खऱ्या पकडी शिकवल्या. त्याचा शिष्य अंतोनियो इनोकी हा २६ जून १९७६ रोजी तोक्योत मुहम्मद अलीशी लढला. पंधरा फेऱ्यांतला बराचसा वेळ इनोकी पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत होता. प्रेक्षक चिडले, निकाल बरोबरीचा लागला, अलीचे पाय मात्र सुजले. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला इनोकीने गामाचा पुतण्या अक्रम याचा हात निखळवला. विगनची विद्या अशी जपानच्या वाटेने गामाच्या घराण्यापर्यंत येऊन पोहोचली! ब्राझीलमध्ये ज्याला 'किमुरा' म्हणत, तोच डाव विगनचे कामगार 'डबल रिस्टलॉक' या नावाने आधीपासून खेळत होते.

इनोकीच्या तालमीतल्या सातोरू सायामाने १९८५ मध्ये 'शूतो' नावाने ठोसे, लाथा आणि पकडी एकत्र आणून खऱ्या लढतींची पद्धत बसवायला घेतली. १९९३ च्या सप्टेंबरात जपानमध्ये 'पॅन्क्रेस' निघाले. नाव ग्रीक, रक्त विगनचे. आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला अमेरिकेत डेन्व्हर येथे एलियोचा थोरला मुलगा रोरियन याने काही भागीदारांसह पहिली 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' भरवली. आठ मल्ल, वजनगट नाहीत, बक्षीस पन्नास हजार डॉलर. रोरियनचा सडपातळ भाऊ रॉइस याने तीन लढती मिळून जेमतेम पाच मिनिटांत जिंकल्या. अर्थात हे घरचेच कार्य होते, हे विसरू नये. विद्या खरी होती आणि जाहिरातही खरी होती.

आपल्या पैलवानाला इथे काय अडते, ते एका वाक्यात सांगतो. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. येथे पाठ टेकल्यावर लढत रंगात येते. शिवाय पट काढताना डोके खाली जाते आणि मान उघडी पडते. महाराष्ट्राचा कुस्तीगीर भरत खंडारे २०१७ मध्ये या कंपनीच्या शांघाय येथील लढतीत उतरला, तो पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीत सापडून हरला. २०२४ मध्ये पूजा तोमर हिने तेथे विजय मिळवला.

डेन्व्हरनंतर अमेरिकेत गहजब झाला. सिनेटर मॅकेन यांनी याला माणसांची कोंबडझुंज म्हटले, आणि अनेक राज्यांनी बंदी घातली. खेळ वाचला तो नियमांनी. न्यू जर्सी राज्यात २००० आणि २००१ या दोन वर्षांत जी नियमावली तयार झाली, तिने वजनगट आणि पाच मिनिटांच्या फेऱ्या ठरवल्या, डोक्याने टक्कर देणे आणि पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारणे बंद केले. २००१ च्या जानेवारीत वीस लाख डॉलरना विकली गेलेली ही कंपनी २०१६ साली सुमारे चारशे कोटी डॉलरना विकली गेली.

आता माझा नेहमीचा प्रश्न : या चारशे कोटींत ज्याचे नाक फुटते त्याचा वाटा किती? न्यायालयापुढे आलेल्या कागदपत्रांवरून दिसते की मल्लांना उत्पन्नाच्या वीस टक्क्यांहूनही कमी मिळत असे. अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूंना सुमारे निम्मा वाटा मिळतो. त्यांची युनियन आहे. येथला मल्ल कायद्याच्या भाषेत नोकर नव्हे, 'स्वतंत्र कंत्राटदार'. हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. जो दुसऱ्या कंपनीकडे लढू शकत नाही, त्याला स्वतंत्र कशासाठी म्हणायचे?

युनियनचाही या कथेत एक अध्याय आहे. कंपनीच्या तेव्हाच्या मालकांचे लास व्हेगासमध्ये कॅसिनो होते आणि तेथे युनियनला थारा नव्हता. म्हणून हॉटेल कामगारांच्या युनियनने न्यूयॉर्क राज्यातली या खेळावरची बंदी उठू नये यासाठी जोर लावला. ही बंदी २०१६ पर्यंत टिकली. मालकाला जिथे दुखेल तिथे दाबावे, हा डाव मी समजू शकतो. पण त्या बंदीने ज्यांची मजुरी बुडाली, ते मल्लही कामगारच होते, आणि त्यांना सोबत घेतल्यावाचून हा डाव टाकणे मला पटत नाही.

२०१८ मध्ये लेस्ली स्मिथ या महिला मल्लाने संघटनेसाठी सह्या गोळा करायला घेतल्या. त्याच वर्षी तिची करारातली शेवटची लढत ठरली होती. प्रतिस्पर्धी वजनात बसली नाही, लढत रद्द झाली, कंपनीने तिला ठरलेले पूर्ण पैसे दिले आणि करार संपवला. अशी निरोपाची पाकिटे आम्ही पाहिली आहेत. तिची तक्रार श्रम मंडळाकडे गेली आणि फेटाळली गेली. अन्य मल्लांनी २०१४ मध्येच मक्तेदारीविरुद्ध दावा लावला होता. त्यात २०१० ते २०१७ या काळातल्या हजाराहून अधिक मल्लांसाठी साडेसदतीस कोटी डॉलरची तडजोड होऊन २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ती मंजूर केली. ही तडजोड पैशापुरती होती. करारातली बांधून ठेवणारी कलमे त्यात बदलली नाहीत. त्यांच्यासाठी, २०१७ नंतर लढलेल्यांचा दुसरा दावा २०२१ मध्ये दाखल झाला आहे.