एका दिवसाचा महाराजा

दिवाळीच्या आधी आठ दिवस इंदुरातल्या मराठी घरांत माळे उतरवण्याचा जो सोहळा चालतो, त्याच धामधुमीत, पस्तीस वर्षांपूर्वी, जुन्या इंदुरातील एका आप्तांच्या वाड्यात, तांब्याच्या घंगाळाखाली आधाराला सरकवलेला एक इंग्रजी ग्रंथ माझ्या हाती आला, आणि त्या दिवसापासून आजतागायत त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही. होळकर दरबारास 1918 साली सादर झालेल्या नगररचनेच्या अहवालाचा तो पहिला खंड होता. कर्ते पॅट्रिक गेडिस. दुसऱ्या खंडाचा मुख्य विषय इंदुरात व्हावयाचे मध्य भारताचे विद्यापीठ हा आहे, आणि ते विद्यापीठ प्रत्यक्षात यायला 1964 साल उजाडले, एवढे सांगून मी त्या खंडाचा निरोप घेतो; कारण मला खिळवून ठेवले ते पहिल्या खंडाने आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या एका दिवाळीने.

प्लेगची हकिकत मराठी वाचकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. 1896 साली मुंबईत उतरलेला तो रोग, त्याच्या बंदोबस्तासाठी पुण्यात नेमलेला रँड, माजघरापर्यंत शिरलेले गोरे सोल्जर, 22 जून 1897 ची गणेशखिंडीतील रात्र, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रोग्यांची शुश्रूषा करता करता प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई फुले, हे सारे आपल्या स्मरणात आहे. सहसा सांगितली जात नाही ती गोष्ट निराळी. रोगाचा जंतू यर्सिन याने हाँगकाँगमध्ये 1894 सालीच ओळखला होता. तो उंदराकडून माणसाकडे पिसवेमार्गे येतो हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने 1898 साली कराचीत प्रयोगाने दाखवले होते. पण त्याच्यावर विश्वास ठेवायला शास्त्रज्ञांच्या मंडळींनी आणखी कित्येक वर्षे घेतली, आणि तोवर सरकारी धोरण घरांवरच तुटून पडत राहिले. छपरे उघडी झाली, सामान जळाले, मुंबईत 1898 साली स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, आणि ज्यांची घरे गेली ती माणसे शेजारच्या वस्तीत अधिकच दाटीने राहू लागली. पुढे पिसवेचा सिद्धांत सर्वमान्य झाला तरीही लोक घरातला मेलेला उंदीर लपवीतच राहिले. कारण उंदराची वर्दी देणे म्हणजे सरकारी माणसाला दार उघडणे, आणि त्या दारातून काय आत येते याचा अनुभव ताजा होता. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या ज्ञानाला उंबरठा ओलांडता येत नाही तो असा.

महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नगररचनेसाठी गेडिस यांना पाचारण केले तेव्हा इंदूर प्लेगने गांजलेले होते. पाहुणा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, जन्म 1854, स्कॉटलंडचा. हिंदुस्थानास निघताना त्यांचे नगररचनेचे सारे प्रदर्शन ज्या जहाजावर होते ते 1914 साली एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले, तरी त्यांनी नवे प्रदर्शन जमवून मद्रासेत मांडले. 1917 हे वर्ष तर त्यांच्या आयुष्यातले सर्वांत काळे. त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला आणि पत्नी ॲना हिंदुस्थानातच ज्वराने गेली. अशा शोकात बुडालेला साठी उलटलेला पुरुष परक्या शहराच्या गल्ल्या पायी तुडवीत हिंडतो, विहिरी पाहतो, परसू पाहतो, पडक्या घराच्या जागी चौक होईल का आणि जुना पिंपळ तसाच ठेवून रस्ता जरा वळवता येईल का याची टिपणे करतो, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

गेडिस यांची पद्धत थोडक्यात सांगायची तर वैद्याची. आधी निदान, मग उपचार. आणि निदान करायचे ते कचेरीत नकाशा पसरून नव्हे, रोग्याच्या उशाशी बसून. उपचारही असा की जेवढे सडले तेवढेच काढायचे, जिवंत भागाला धक्का लावायचा नाही. एक सरळ रुंद रस्ता आखण्यासाठी शंभर घरे पाडण्यापेक्षा चार-दोन मोडकी घरे काढून, आड आलेली भिंत मागे सारून, मोकळ्या झालेल्या जागेत झाडे लावली तर खर्च कितीतरी कमी येतो आणि माणसे बेघर होत नाहीत, हे त्यांनी आपल्या हिंदुस्थानातील अहवालांत गावोगावच्या उदाहरणांनी मांडले आहे. आपण आज ज्याला संशोधनावर आधारलेले धोरण म्हणतो, ते याहून फारसे पुढे गेले आहे असे मला वाटत नाही.

परंतु इंदूरकरांना ही पद्धत कोठून ठाऊक असणार? हातात नकाशा घेतलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा साहेब आपल्या दाराशी थांबतो आहे याचा अर्थ त्यांनी पूर्वानुभवावरून लावला: घर पाडायला आला. लोक त्यांना पाहून भेदरले. गेडिस यांनी पुढे स्वतः सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, या भीतीचे कारण त्यांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली: मला एका दिवसापुरता महाराजा करा. तुकोजीरावांनी ती मान्य केली, ही त्या संस्थानिकाची मोठी गोष्ट मानली पाहिजे.

मग शहरात पुकारा झाला की या दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. पण ती हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नाही की मुसलमानांच्याही नाही. ज्या मोहल्ल्यांतली घरे अधिकांत अधिक झाडून, रंगवून, दुरुस्त करून ठेवलेली असतील त्या मोहल्ल्यांतून जाईल. घरांतला साठलेला कचरा फुकट उचलून नेण्याची तजवीज दरबाराने केली. जे काम दंडाच्या आणि दंडुक्याच्या धाकाने होत नव्हते, ते मिरवणूक आपल्या दारावरून जावी या ईर्ष्येने झाले. सहा हजारांवर गाड्या कचरा घराघरांतून आणि परसांतून निघाला आणि सापळ्यांत उंदीर हजारोंनी सापडले, असे गेडिस सांगतात.

मिरवणुकीचे वर्णन वाचताना वाटते की हा माणूस नाटककारही होता. आरंभी हत्ती, घोडदळ, सुगीच्या गाड्या, लक्ष्मी. मागाहून राक्षसांचे सोंग, मोडक्या घरांचे देखावे, डास, आणि सर्वांवर कडी म्हणजे प्लेगचा अजस्र उंदीर, अंगावर पिसवा थरथरताहेत असा. त्यानंतर शहराचे झाडूवाले: नवी पांढरी वस्त्रे, हातात नवे झाडू, गळ्यात फुलांच्या माळा. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानणाऱ्या गल्ल्यांतून ते रोज पहाटे मान खाली घालून जात, त्याच गल्ल्यांतून आज ते मिरवणुकीच्या मानाच्या जागी चालत होते. त्यांच्यामागून इंदूर नगरीची नवी देवता, जिच्या ध्वजावर शहराचा आराखडा होता. मग व्हावयाच्या घरांचे, बागांचे नमुने. आणि लोकांना वाटायला तुळशीची रोपे. संध्याकाळी राक्षसाचे आणि उंदराचे दहन, आतषबाजी.

तुळशीची योजना मला सर्वांत मार्मिक वाटते. हा परका वनस्पतिशास्त्रज्ञ आमच्या अंगणात आला आणि त्याला कळले की तुळशीवृंदावनाभोवतीची सारवलेली, रोज पाणी शिंपडलेली चार हात जमीन ही घरातील गृहिणीने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली आरोग्यव्यवस्थाच आहे. तेव्हा नवे नियम लादण्याऐवजी तीच चार हात जमीन गल्लीभर पसरवावी.

या दिवाळीने प्लेग हटला, असे कोणी म्हणू लागले तर मी सावध होतो. प्लेग ऋतुमानाप्रमाणे चढतो आणि उतरतो. त्या वर्षीच्या उताराचे श्रेय मिरवणुकीला देण्याजोगा पुरावा नाही, आणि गेडिस यांनाही ऋतूचा वाटा मान्य होता. सिद्ध झाले ते इतकेच की भ्यालेले शहर त्या म्हाताऱ्याशी बोलू लागले. मला ते पुष्कळ वाटते.

अहवालात मात्र खरी लढाई गटारांवरून आहे. पाण्याने मैला वाहून नेणाऱ्या बंद गटारांची महागडी योजना इंजिनियरांच्या मनात होती. गेडिस यांनी तिच्यावर पानेच्या पाने कडाडून टीका केली. खान आणि सरस्वती या दोन्ही नद्यांचे काठ मोकळे करा, तेथे बागा करा, आणि शहराची घाण शहराबाहेर लोटण्याऐवजी जमिनीला खत म्हणून परत द्या, हे त्यांचे सांगणे. नगररचनेचा काही भाग अमलात आला; हा भाग आला नाही. 1919 साली गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे शिष्य, आणि घुर्यांच्या शिष्या इरावती कर्वे. म्हणजे गल्लीत हिंडून समाज वाचण्याची ती विद्या मराठीत कोणत्या वाटेने आली हे वाचकांच्या लक्षात येईल.

परंतु इंदुरात त्या अर्धवट राहिलेल्या विचाराचा धागा ज्याने उचलला, त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? यशवंत वाड. 1924 साली इंदुरात होळकरांनी दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था निघाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक आणि वाड तेथील रसायनशास्त्रज्ञ. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते तीनदा उलथवून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजली. 1931 साली ऑक्सफर्डने काढलेल्या ग्रंथावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. जगाने एकच लक्षात ठेवले. हॉवर्ड त्याच वर्षी विलायतेस परतले. वाड इंदुरातच राहिले, आणि 1934 साली जॅक्सन या अधिकाऱ्यासह त्यांनी जे लिहिले ते वाचून मी खुर्चीवरून उठलो: शहराचा मैला आणि कचरा याच इंदूर पद्धतीने निर्धोक कुजवून शेतीला कसा द्यावा, याचे रीतसर विवेचन. गेडिस यांनी सोळा वर्षांपूर्वी केवळ मागितले होते ते या मराठी रसायनशास्त्रज्ञाने खड्ड्यांच्या मापांपर्यंत उतरवून दिले.

पुढचा इतिहास मी भरभर सांगतो. 1989 पासून अभियंता हिमांशू पारीख यांच्या कल्पनेने आणि ब्रिटिश मदतीने इंदूरच्या झोपडवस्त्या नद्यांच्या उताराने जाणाऱ्या गटारांनी शहराशी जोडण्याचा प्रकल्प झाला. वस्ती न हलवता ती सुधारण्याचे तत्त्व थेट गेडिस यांच्या जातकुळीचे. 1998 साली त्याला आगा खान वास्तुपुरस्कारही मिळाला. त्यानंतर नगररचनाकार गीता दिवाण वर्मा यांनी प्रत्यक्ष वस्त्यांत जाऊन पाहिले आणि लिहिले की गटारे ठिकठिकाणी निकामी आहेत, जमिनीवरचे वास्तव गौरवपत्राशी जुळत नाही. या वादात माझे मत वर्माबाईंच्या बाजूचे आहे. तत्त्व निर्दोष होते. पण बांधून झाल्यावर त्या गटाराची रोज काळजी कोण घेणार, हे ठरण्याआधी शाबासकी वाटली गेली. 2017 पासून स्वच्छतेच्या देशव्यापी सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले आले, ओला-सुका कचरा घरोघर वेगळा होऊ लागला, 2022 साली रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा कारखाना उभा राहिला. या यशाचा मला इंदूरकर म्हणून अभिमान आहे, आणि ते पहाटे चारला उठणाऱ्या हजारो सफाई कामगारांचे यश आहे असे माझे ठाम म्हणणे आहे.

1917 च्या त्या मिरवणुकीचा वृत्तांत आपल्यापर्यंत आला आहे तो गेडिस यांच्या तोंडून. त्यात महाराजांचे नाव आहे. माळा घातलेल्या झाडूवाल्यांपैकी एकाचेही नाही. तेव्हा इंदूर, महू, देवास, उज्जैन येथील आणि येथून पुण्या-मुंबईस गेलेल्या मराठी कुटुंबांना माझी विनंती आहे: या दिवाळीत माळा उतरवाल तेव्हा त्या काळची एखादी तसबीर, दरबाराचा पुकारा, आजोबांची रोजनिशी, वाडांच्या संस्थेत काम केलेल्या कोणाची वही हाती लागली, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा पुराभिलेखागाराच्या स्वाधीन करा. पहिला खंड मी तसाच वाचवला. घंगाळाखाली आता वीट आहे.