पुरात भिजलेल्या सर्किट बोर्डांच्या ट्रॅकची दुरुस्ती : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक :
सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर व पाटण भागातील पावसाचे पाणी कृष्णा आणि कोयना या नद्यांतून कराडच्या संगमावर एकत्र येते व पुढे सांगलीस पोहोचते. २००५, २०१९ व २०२१ मध्ये सांगली शहरात पूर शिरला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोका पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी घरांतील इन्व्हर्टर आणि नदीकाठच्या कृषिपंपांचे ऑटो-स्टार्टर पाण्याखाली जातात. त्यांतील सर्किट बोर्डावरील तांब्याचे ट्रॅक का तुटतात आणि ते कसे जोडावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
सर्वसाधारण बोर्डावरील तांब्याचा थर सुमारे ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. केवळ पाण्याने तो लगेच नष्ट होत नाही. ओल्या बोर्डावर विभवांतर असेल तर मात्र विद्युत-अपघटन सुरू होते. धन बाजूच्या ट्रॅकमधील तांबे विरघळते आणि ऋण बाजूस साचते. पूर येताच वीजपुरवठा खंडित केला जातो, तरी इन्व्हर्टरची बॅटरी जोडलेलीच राहते. त्याचा बोर्ड अधिक खराब होण्याचे कारण हेच होय. शिवाय गाळातील क्षार ओलावा धरून ठेवतात. म्हणून उन्हात वाळवून यंत्र सुरू करून पाहण्याची रीत घातक आहे. बॅटरी सोडवून, कपॅसिटरमधील विद्युतभार काढून, बोर्ड स्वच्छ पाण्याने व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुणे ही पहिली पायरी ठरते.

त्यानंतर तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचा हिरवा लेप चकचकीत तांबे दिसेपर्यंत खरवडावा, त्यावर सोल्डरचा पातळ थर द्यावा आणि तांब्याची तार जोडावी. कारागीर यास जंपर मारणे म्हणतात. ०.२५ मि.मी. व्यासाच्या तारेचे छेदक्षेत्र १ मि.मी. रुंद ट्रॅकपेक्षा अधिक भरते, त्यामुळे बारीक तारही बहुधा पुरते. फट नुसत्या सोल्डरने भरणे मात्र सदोष होय. सोल्डरची रोधकता तांब्याच्या कितीतरी पट असते आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत असा सांधा तडकतो.

दुरुस्तीची परीक्षा बहुधा मल्टिमीटरच्या बीपवर सोडली जाते. ही बीप काही ओहम रोध असतानाही वाजू शकते. १० सें.मी. लांब, १ मि.मी. रुंद ट्रॅकचा रोध सुमारे ०.०५ ओहम असतो. एवढा अल्प रोध साध्या मल्टिमीटरने विश्वसनीयपणे मोजता येत नाही. त्याऐवजी ट्रॅकमधून १ अँपिअर धारा सोडून दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आसपास यावयास हवे. यास पॉवर सप्लाय आणि मल्टिमीटर पुरत असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हा प्रयोग सहज करता येतो.

पंपाच्या स्टार्टरमध्ये आणखी एक धोका संभवतो. थ्री-फेज पुरवठ्याच्या ट्रॅकमध्ये ठिणगी पडून बोर्ड जळाला असल्यास तेथील कोळसा स्वतःच वीजवाहक बनतो. तो पूर्णपणे कोरून न काढता वर जंपर मारला तर यंत्र चालते खरे, पण पुढे शेतात ओल्या हाताने पेटीला स्पर्श करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. कोरलेली जागा इपॉक्सीने भरावी आणि तार शेजारच्या फेजपासून दूर, इन्सुलेशनसह न्यावी. बहुस्तरीय बोर्डाच्या आतील थरातील ट्रॅक खराब झाला असेल, तर त्याची दोन्ही टोके निश्चित सापडल्यासच बाहेरून तार जोडता येते. अन्यथा बोर्ड बदलावा लागतो.