मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पिल्लू व त्याचे कोरडे खाद्य

शेतवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबास राखणीच्या कुत्र्याची गरज असते, हे निराळे सांगावयास नको. विहिरीवरील मोटार, केबल व गोठ्यातील शेळ्या ह्यांवर रात्री कोणाचे तरी लक्ष असावे लागते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर ह्यांसारख्या तालुक्यांत उसाच्या फडांतून बिबट्यांचाही वावर असतो. म्हणून गावठी कुत्र्याच्या जोडीला जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, लॅब्राडोर अशा मोठ्या जातींची पिल्ले आता खेड्यापाड्यांतूनही पाळली जातात. (बिबट्या कुत्र्यांचीही शिकार करतो. कुत्रा कितीही मोठा असला तरी रात्री तो उघड्यावर साखळीने बांधून ठेवू नये, हे जाता जाता नमूद करणे अवश्य आहे.)

असे पिल्लू विकत घेताना पैसा सढळ हाताने खर्च होतो, आणि त्याच्या खाण्यापिण्यातही कोणी कसूर करीत नाही. तरीही सहासात महिन्यांचे होईतो ते पुढच्या पायांनी वाकडे चालू लागते, उठताना कण्हते, चार पावले धावून खाली बसते, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. मालकास वाटते, पोषण कमी पडले. वस्तुतः बहुधा त्याच्या उलट घडलेले असते.

शेतकऱ्याची नजर वासरावर व कोंबडीवर तयार झालेली असते. वासरू जितके झपाट्याने वाढेल तितकी कालवड लवकर माजावर येईल, मांसल कोंबडी जितक्या कमी दिवसांत वजन धरील तितका नफा अधिक, हा त्या धंद्यांचा रास्त हिशेब आहे. मोठ्या जातीच्या पिल्लास मात्र तो लावू नये. जन्माच्या वेळी अर्ध्या किलोच्या आसपास असलेले हे पिल्लू दीडदोन वर्षांत सत्तर ते शंभर पट वजनाचे होते. लहान जातीचा कुत्रा आठदहा महिन्यांत पूर्ण वाढतो, तर ग्रेट डेनला अठरा ते चोवीस महिने लागतात. एवढा काळ त्याच्या लांब हाडांची टोके कूर्चेची, म्हणजे कच्ची असतात. त्यांवर मांस व चरबी ह्यांचा भार वेळेआधी पडला, तर सांधे बिघडतात. पिल्लू शेवटी किती उंच व्हावयाचे, हे मुख्यतः त्याच्या वंशावर अवलंबून असते. भरपूर चारून ती उंची फारशी वाढत नाही, तेथवर पोहोचण्याची घाई तेवढी होते.

हे केवळ अनुमान नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या व 1974 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, काही पिल्लांना सकस खाद्य हवे तितके खाऊ दिले व त्यांच्या भावंडांना त्याच्या सुमारे दोनतृतीयांश दिले. पोटभर खाणाऱ्या पिल्लांच्या हाडांत व सांध्यांत अधिक विकृती आढळल्या. पुढे लॅब्राडोर जातीच्या 48 कुत्र्यांच्या जोड्या लावून, जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाद्य आठव्या आठवड्यापासून जन्मभर देण्यात आले. 1992 साली आलेल्या निष्कर्षांत कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्याचा सांधा सैल पडण्याचे प्रमाण पुष्कळच कमी दिसले. 2002 सालच्या अहवालाप्रमाणे त्यांचे मध्यम आयुर्मान 13 वर्षे, तर जोडीदारांचे 11.2 वर्षे भरले.

खाद्याच्या परिमाणाइतकीच दुसरी बाब कॅल्शियमची आहे, आणि खेड्यात अधिक नुकसान तिनेच होते. मोठ्या कुत्र्याच्या शरीरास नको असलेले कॅल्शियम आतड्यातूनच बाहेर टाकता येते. पाचसहा महिन्यांच्या आतील पिल्लास ही युक्ती पुरती साधत नाही. खाद्यात जेवढे कॅल्शियम येईल त्याचा सुमारे निम्मा भाग ते शोषून घेते, मग त्याची गरज असो वा नसो. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे 1985 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्रेट डेनच्या पिल्लांना 1.1 टक्क्याऐवजी 3.3 टक्के कॅल्शियमचे खाद्य दिले गेले, तेव्हा त्यांच्या कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याचे काम अडखळले. अशा पिल्लांचे पाय वाकतात, आणि वाकलेले पाय पाहून घरच्यांस मुडदुसाची शंका येते. मग औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणली जाते, दिवसातून दोन वेळा चमचा भरून पाजली जाते, आणि ज्या कारणाने पाय वाकले तेच वाढविले जाते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पिल्लू दाखविणाऱ्या प्रत्येक मालकास प्रथम ह्या बाटलीविषयी विचारावे. गुरांसाठी आणलेले खनिज मिश्रण कुत्र्याच्या भाकरीवर भुरभुरण्याची चालही काही घरांत आहे. तीही चौकशी करावी.

येथे एक खुलासा करावयास पाहिजे. बाटलीची सवय अगदीच निराधार पडली असे नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, भात किंवा नुसते मांस ह्यांत फॉस्फरस, म्हणजे खताच्या पोत्यावर ज्यास स्फुरद म्हणतात तो, पुष्कळ असतो, पण कॅल्शियम फारच थोडे असते. केवळ अशा अन्नावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे खरोखरच पातळ होतात व किरकोळ धक्क्यानेही मोडतात. पूर्वी पिल्लास भाकरी व ताकच मिळे, तेव्हा पशुवैद्यकाने कॅल्शियम लिहून देणे योग्यच होते. परंतु चांगल्या कोरड्या खाद्यात ते हिशेबाने आधीच मिसळलेले असते. खाद्य बदलले, बाटली मात्र राहिली, हाच सगळा घोटाळा आहे. घरच्या अन्नावरच पिल्लू वाढवावयाचे असल्यास पशुवैद्यकाकडून प्रमाण ठरवून घ्यावे. अंदाजाने ते साधत नाही.

आता पिशवी कशी निवडावी ते पाहू. दर्शनी बाजूवरील चित्रावर किंवा मोठ्या अक्षरांवर जाऊ नये, पिशवी उलटी करून बारीक छपाई वाचावी. ती बहुधा इंग्रजीत असते, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलामुलीस सोबत न्यावे. सर्वांत आधी हे खाद्य ‘पूर्ण व समतोल’ आहे की केवळ पूरक, आणि ते वाढत्या वयासाठी आहे की प्रौढ कुत्र्यासाठी, हे पाहावे. त्यापुढची खूण अधिक महत्त्वाची आहे. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या आफको ह्या संघटनेने प्रौढपणी सत्तर पौंड, म्हणजे सुमारे 32 किलो वा अधिक वजन होणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीची वेगळी गणना केली आहे. ते मान पाळणाऱ्या पिशवीवर मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसाठीही हे खाद्य योग्य असल्याचे वाक्य असते. ‘सर्व वयांसाठी’ एवढेच छापलेले असेल व मोठ्या आकाराचा उल्लेख नसेल, तर ते खाद्य अशा पिल्लास घेऊ नये.

त्या मानाप्रमाणे शुष्क पदार्थात कॅल्शियम किमान 1.2 व कमाल 1.8 टक्के असावे, फॉस्फरस 1 ते 1.6 टक्के असावा, आणि कॅल्शियम फॉस्फरसाहून कमी नसावे व त्याच्या दुपटीहून अधिक नसावे. येथे एक फसगत संभवते. पिशवीवरील आकडे ओलाव्यासहित असतात, मान मात्र शुष्क पदार्थाचे आहे. समजा, पिशवीवर कॅल्शियम 1.7 टक्के व ओलावा 10 टक्के छापला आहे. शंभरातून दहा वजा जाता नव्वद राहिले. 1.7 ला नव्वदाने भागून शंभराने गुणिले असता 1.89 येतात, म्हणजे वरून मर्यादेत दिसणारे खाद्य वस्तुतः मर्यादेबाहेरचे निघाले. तेच 1.3 टक्के असते तर हिशेब 1.44 चा होऊन खाद्य योग्य ठरले असते. शिवाय काही पिशव्यांवर कॅल्शियमचा फक्त किमान आकडा देतात. ‘किमान 1 टक्का’ ह्यावरून प्रत्यक्षात किती आहे ते कळत नाही, आणि येथे भीती तर अधिकाची आहे. अशा वेळी पिशवीवरील दूरध्वनीवर विचारणा करावी. उत्तर सरळ न मिळाल्यास दुसरे खाद्य पाहावे.

प्रथिनांविषयी उगाच भय बाळगले जाते. प्रथिने अधिक झाली की पिल्लाची हाडे बिघडतात, असे अनेकांकडून ऐकू येते. 1991 साली ग्रेट डेनच्याच पिल्लांना 15, 23 व 32 टक्के प्रथिनांची खाद्ये देऊन पाहिले असता अधिक प्रथिनांमुळे हाडांत बिघाड दिसला नाही. उलट 15 टक्क्यांवर वाढ खुंटली. वाढत्या पिल्लास शुष्क पदार्थात किमान साडेबावीस टक्के प्रथिने व साडेआठ टक्के स्निग्धांश लागतो. घटकांच्या यादीत मांसाचे नाव पहिले आहे म्हणून हुरळून जाऊ नये, कारण यादी शिजविण्यापूर्वीच्या वजनाने लावतात आणि ताज्या मांसात पुष्कळसे पाणीच असते. त्यात धान्य आहे म्हणून खाद्य टाकाऊ ठरविण्याचेही कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर राखण करणाऱ्या आपल्या गावठी कुत्र्यांना हे सांगावे लागणार नाही.

किमतीची तुलना किलोवर न करता दिवसावर करावी. एका खाद्याच्या किलोत 3,200 उष्मांक व दर 250 रुपये आहे, दुसऱ्यात 3,900 उष्मांक व दर 300 रुपये आहे, असे हिशेबापुरते धरू. पिल्लास दिवसाला 1,200 उष्मांक हवे असल्यास पहिले खाद्य 375 ग्रॅम लागेल व खर्च 94 रुपयांच्या जवळ जाईल. दुसरे 308 ग्रॅम लागून खर्च 92 रुपयांच्या आसपास येईल. महाग दिसणारी पिशवी वास्तविक महाग नाही. मात्र दर कमी पडावा म्हणून दुकानात पोते फोडून सुटे विकले जाणारे खाद्य कधीही घेऊ नये. त्यावर ना तारीख असते ना घटक. मका व इतर धान्यांवर ओल लागून वाढणाऱ्या बुरशीचे विष यकृतास घातक असते व ते शिजवूनही जात नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लहान पिशवी घेणे बरे. उघडलेली पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी व महिन्याभरात संपवावी. खते, कीटकनाशके व उंदरांचे औषध ज्या खोलीत असते तेथे ती मुळीच ठेवू नये.

उत्तम खाद्य आणूनही ते किती घालावे हे चुकले, तर सर्व व्यर्थ होय. पिशवीवरील तक्ता हा प्रारंभापुरता समजावा. पिल्लाच्या पुढ्यात दिवसभर भांडे भरून ठेवू नये. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व नंतर दोन वेळा, मोजून द्यावे. मोजण्यास वाटी न वापरता काटा वापरावा, कारण वाटी प्रत्येकाच्या हातून वेगळी भरते. स्वच्छ पाणी सदैव असावे. नव्या खाद्याकडे वळताना आठदहा दिवसांत जुन्याचे प्रमाण क्रमाक्रमाने उतरवावे, नाहीतर हगवण लागते. घरातील प्रत्येकजण प्रेमाने जे तुकडे टाकतो, ते दिवसाच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक होऊ देऊ नयेत. द्राक्षे व बेदाणे तर त्यांत कधीच नसावेत. ते कुत्र्याच्या मूत्रपिंडास विषारी ठरतात, हे नाशिक व सांगलीकडील बागाईतदारांनी विशेष ध्यानात ठेवावे. कांदा-लसूणही वर्ज्य होय.

दर आठवड्यास पिल्लाचे वजन करावे. त्यास उचलून धान्याच्या काट्यावर उभे राहावे व आपले वजन वजा करावे. मात्र खरी परीक्षा हाताची आहे. दोन्ही कुशींवरून तळहात फिरविला असता बरगड्या न दाबता बोटांस लागाव्यात. वरून पाहिल्यास बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसावी. बरगड्या शोधाव्या लागत असतील, तर रोजचे खाद्य दहाव्या हिश्श्याने कमी करून पुढील आठवड्यात पुन्हा पाहावे. शेजारी ‘पिल्लू वाळले’ असे म्हणतील. गुटगुटीत पिल्लू पाहून कौतुक करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, तिकडे कानाडोळा करावा. कारवानसारख्या आपल्या शिकारी जातींची अंगकाठी तर मुळातच सडपातळ असते.

पिल्लू लंगडू लागले, पुढचे पाय मनगटाशी बाहेर वळले, सांध्यावर सूज दिसली किंवा धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलू लागले, तर त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. सोबत खाद्याच्या पिशवीचे छापील वेष्टन, रोजच्या खाद्याचे वजन व पाजत असलेल्या प्रत्येक औषधाची बाटली घेऊन जावी. त्यावाचून दोष अधिकाचा आहे की उणेपणाचा, हे डॉक्टरांना ठरविणे कठीण जाते. लॅब्राडोर व जर्मन शेफर्ड ह्यांस पिल्लांचे खाद्य बारा ते पंधरा महिन्यांपर्यंत, तर ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींस अठरा ते चोवीस महिन्यांपर्यंत चालू ठेवून, नंतर प्रौढांच्या खाद्यावर न्यावे.