घरच्या तिजोरीतलं ४०१-के

जुन्या कंपनीतलं ४०१-के मोडा, त्याचं सोनं घ्या, कागदोपत्री ते आयआरएमध्ये दाखवा आणि घरच्या तिजोरीत ठेवा. कर एक पैचाही लागत नाही! अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. सोनं हाताशी असावं असं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलंय, आणि विकणारे नेमकं तेच हेरतात. पण हे धादांत खोटं आहे. निवृत्तीच्या तोंडावर ते फार महागात पडतं.

आधी खरं काय ते. नोकरी सुटलेल्या कंपनीतलं ४०१-के सोन्यात नेता येतं. त्यासाठी ‘सेल्फ-डायरेक्टेड’ आयआरए उघडायचा, पैसे तिकडे वळवायचे आणि सोनं त्या खात्याच्या नावे घ्यायचं. कर-कायद्याचं कलम ४०८(एम) असं सांगतं की आयआरएच्या पैशांतून धातू, नाणी, कलाकृती घेतल्यात, तर तेवढी रक्कम तुम्ही काढून घेतली असं धरलं जातं. काही ठरावीक नाणी आणि किमान ९९५ शुद्धतेची बिस्किटं यांना सूट आहे. मात्र बिस्किटं ट्रस्टीच्या प्रत्यक्ष ताब्यात हवीत, ही अट त्याच कलमात आहे.

विकणाऱ्यांनी यातूनही वाट काढली. अट बिस्किटांना आहे, अमेरिकन ईगल नाण्यांना नाही. तेव्हा आयआरएच्या पैशांनी एलएलसी काढा, तिचे मॅनेजर तुम्हीच व्हा आणि नाणी घरी आणा. ऱ्होड आयलंडमधल्या एका बाईंनी अगदी हेच केलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने निकाल दिला: नाण्यांवर सर्वस्वी तुमचाच ताबा, मध्ये राखणदार म्हणून कुणी तिऱ्हाईत नाही, म्हणजे पैसे तुम्ही काढलेच. नाण्यांची किंमत करपात्र उत्पन्नात धरली गेली, वर दंडही बसला. एलएलसी काढून देणाऱ्याच्या वेबसाइटवर विसंबून राहिलो, हा बचाव टिकला नाही. एवढा स्वच्छ निकाल असताना कुणी म्हाताऱ्या माणसाला आजही ‘होम स्टोरेज’ सुचवत असेल, तर ती फसवणूक आहे. दुसरा शब्द नाही.

याच्या खालोखाल धोक्याचं वाक्य म्हणजे, “चेक स्वतःच्या नावावर घ्या, साठ दिवस असतात की!” ४०१-केचे पैसे आयआरएत भरायला साठ दिवस असतात, हे खरं. पण चेक देतानाच २० टक्के कर कापून घेतात. एक लाख डॉलर असतील तर हातात ऐंशी हजार येतात, आणि पूर्ण लाख भरायचे तर वीस हजार पदरचे घालावे लागतात. कापलेले पैसे परत मिळतात ते विवरणपत्र भरल्यावर. पदरचे घातले नाहीत तर त्या वीस हजारांवर कर, शिवाय वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर सहसा आणखी १० टक्के. म्हणून पैसे एका ट्रस्टीकडून दुसऱ्याकडे थेट पाठवायला सांगा. एवढी साधी गोष्ट विक्रेता फोनवर सांगत नसेल, तर फोन ठेवून द्या.

आईच्या पाटल्या आयआरएत घालता येतील का, असंही विचारतात. नाही; दागिने चालत नाहीत, आणि वर्गणी रोखच भरावी लागते. पाटल्या बावीस कॅरेटच्या आहेत म्हणाल, तर ईगलही बावीस कॅरेटचंच आहे: एका औंसाच्या नाण्याचं वजन ३३.९३ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ३१.१ ग्रॅम, बाकी तांबं आणि चांदी. पण त्याला कायद्यानेच सूट दिलीय. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँडही बावीस कॅरेटचंच, तरी ते चालत नाही.

‘आयआरएस-मान्य गुंतवणूक’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा, आयआरएस कुठल्याही गुंतवणुकीची शिफारस करत नाही.

सोन्यासाठी वेगळा आयआरए लागतोच असंही नाही. गोल्ड ईटीएफ साध्या आयआरएतही घेता येतो आणि तिजोरीचं वेगळं भाडं भरावं लागत नाही.

आणि सोनं कधी पडत नाही म्हणणाऱ्यांसाठी: जानेवारी १९८० मध्ये औंसाचा भाव ८५० डॉलरच्या घरात होता, विसेक वर्षांनी तो तीनशेच्याही खाली होता. ८५० पुन्हा दिसायला २००८ उजाडलं, आणि यात महागाई धरलेली नाही.