मोठ्या टायरसाठी जिप्सीची उंची वाढवताना

जुनी जिप्सी घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहणारे आणि ‘मोठे टायर बसवा, गाडी उचलून द्या, पण खर्च फार करू नका’ असे सांगणारे गिऱ्हाईक आपल्या कारागीर बांधवांना नवीन नाही. मारुतीची ही गाडी १९८५ साली बाजारात आली. सर्वसामान्य ग्राहकाला ती २०१९ पासून नवी मिळत नाही, तरी तिचा सांगाडा इतका साधा आणि भक्कम आहे की जुन्या गाड्यांना अजून मागणी आहे. पुढे-मागे सलग ॲक्सल, चारही चाकांवर पाटे आणि वेगळी चेसिस, त्यामुळे पाटेवाले, वेल्डर, टायरवाले आणि जुने पार्ट विकणारे अशा चौघांना तिच्यात काम मिळते. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, या कामाचा माल शोधत फिरणारी तरुण मंडळी तिथे हमखास दिसतात.

यातील बहुतेक गाड्या महिन्यातले अठ्ठावीस दिवस डांबरी रस्त्यावरच चालतात. चिखल आणि दगडधोंडे त्यांच्या वाट्याला पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी येतात. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून सांगावी लागते. कमी खर्चात चांगले काम हवे असेल तर गाडी कमीत कमी उचलली पाहिजे. दीड-दोन इंचांच्या पुढे गेले की पाट्यावर वाचवलेले पैसे शाफ्ट, स्टेअरिंग आणि ब्रेक मिळून व्याजासह परत घेतात.

उंची वाढवल्याने नेमके काय होते, याबद्दल गैरसमज फार आहे. पाटे किंवा शॅकल बदलून आपण बॉडी आणि चेसिस वर नेतो. ॲक्सल जिथे होता तिथेच राहतो, आणि दगडाला सर्वात आधी लागतो तो ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. तो वर जातो फक्त टायरमुळे, आणि तेही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. म्हणजे जमिनीपासूनची खरी मोकळीक टायर देतो. लिफ्टचे काम एवढेच की तो टायर मडगार्डला न घासता फिरावा. हे ध्यानात आले की क्रम आपोआप ठरतो. आधी टायर पक्का करायचा, मग त्याला जेवढी जागा लागेल तेवढीच उंची द्यायची. बरीच मंडळी नेमके उलटे करतात. आधी चार इंचांचे किट आणतात आणि मग ती पोकळी भरायला टायर शोधत बसतात.

टायरचा हिशेब कागदावर मांडता येतो. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५. रुंदी २०५ मिलिमीटर, तिचे सत्तर टक्के म्हणजे साडेत्रेचाळीस जास्त शंभर. ते दोनदा धरून त्यात पंधरा इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास येतो ६६८ मिलिमीटर. याच रीतीने २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०४ आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४ होतो. पहिल्यात डिफरन्शियल १८ मिलिमीटर वर येतो, दुसऱ्यात ३३. एकतीस इंची टायर ७८७ मिलिमीटरचा असतो. तो फोटोत शोभतो, पण रोज कामावर जायच्या जिप्सीला त्याचे ओझे झेपत नाही.

ओझे म्हणण्याचे कारण आहे. २३५/७५ लावला की चाक जवळपास दहा टक्के मोठे होते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते, आणि किलोमीटरचा काटा कमी मोजतो, म्हणजे ॲव्हरेज घसरले असे वाटते त्यातले काही खरे नसते. इंजिनाला मात्र प्रत्येक गिअर तितकाच जड होतो. जुन्या ९७० सीसीच्या जिप्सीत ताकद पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. तिला घाटात तिसरा गिअर धरवत नाही, दुसऱ्यात रडत चढावे लागते. १३०० सीसीच्या किंगला २३५ चालून जातो. ब्रेकलाही मोठे आणि जड चाक थांबवायला जास्त जोर लागतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. माझ्या मते जुन्या ९७० ला २१५/७५ आणि किंगला फार तर २३५/७५, यापुढे रस्त्यावरच्या गाडीने जाऊ नये. टायरची नक्षीही रस्ता पाहूनच घ्यावी. खोल खाचांचा चिखलाचा टायर डांबरावर गुंगतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला उशिरा दाद देतो. दोन्हीकडे चालणारा ऑल टेरेन घेतलेला बरा.

आता उंची देण्याच्या रीती पाहू. सर्वात स्वस्त रीत लांब शॅकलची. पाट्याचे एक टोक चेसिसला पक्के असते आणि दुसरे शॅकलवर झुलते. एकच टोक खाली जात असल्याने शॅकल दोन इंच लांब केले तर गाडी एकच इंच उचलते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जिप्सीत पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांबवले की पाटा पुढे झुकतो, त्याच्यासोबत ॲक्सलही पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे वळण संपल्यावर स्टेअरिंगला आपोआप सरळ आणणारा कोन. तो गेला की हायवेवर गाडी भरकटते आणि ड्रायव्हर दिवसभर स्टेअरिंगशी झुंजत राहतो. उपाय आहे. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी घालून कोन परत आणता येतो. पण जो पाऊण तासात शॅकल बदलून पैसे घेतो, तो ही पट्टी सहसा घालत नाही. शॅकल लांब झाले की गाडी आडवी डोलतेही अधिक. इंचभर उंचीपुरते लांब शॅकल ठीक, त्यापुढे नको.

दुसरी रीत पाट्यांची, आणि इथे खरी कारागिरी आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या जिप्सीचे पाटे बसलेले असतात. अनेकदा गिऱ्हाइकाला जी दोन इंच उंची हवी असते, त्यातली एक इंच म्हणजे कंपनीने दिलेली आणि वर्षांनी खाऊन टाकलेली उंचीच असते. म्हणून गाडी सपाट जागेवर उभी करून, मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून लिहून घ्यावे. डावी-उजवी बाजू कमी-जास्त भरली तर आधी बसलेला किंवा तुटलेला पाटा शोधावा.

काही जण एक हेल्पर पाटा वाढवून मोकळे होतात. उंची मिळते, पण समजा सारख्या जाडीचे पाच पाटे आहेत, तर सहावा घालताच कडकपणा साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. जिप्सी मुळातच कडक, वजन जेमतेम टनभर. रिकाम्या गाडीत ती खड्ड्यावर उड्या मारू लागते आणि उडालेल्या चाकाला रस्त्याची पकड नसते. मागच्या बाजूला कायम सामान वाहणाऱ्या गाडीला हेल्पर योग्य. एकटा-दुकटा माणूस फिरवतो त्या गाडीला नाही.

पाट्यांना नव्याने बाक देणे हे काम त्यापेक्षा चांगले, पण ते करणारा हात पाहिजे. गॅसच्या नळकांड्याने पाटा मध्येच लाल करायचा आणि हातोड्याने वाकवायचा, ही रीत पूर्णपणे चुकीची आहे. पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोम-मँगनीजचे असते. त्याचा लवचीकपणा त्याला दिलेल्या पाण्यात असतो. नुसता लाल करून हवेत थंड केला की तेवढ्या जागी पाणी उतरते आणि पाटा साध्या पट्टीसारखा होतो. दिसायला तो महिनाभर छान दिसतो, मग बसतो किंवा त्याच जागी तुटतो. नीट करायचे तर अख्खा पाटा भट्टीत साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत एकसारखा तापवून आकार द्यावा, तेलात विझवावा आणि पुन्हा ४५० ते ५०० अंशांवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा. थंड स्थितीत ऐरणीवर जवळजवळ ठोके देऊन बाक आणणारे जुने उस्तादही आहेत. त्यात पाणी शाबूत राहते, पण बाक काही महिन्यांत थोडा उतरतो, म्हणून ते मापापेक्षा जरा जास्त बाक ठेवतात. ज्या पाटेवाल्याकडे भट्टी, तेलाची टाकी आणि तापमान पाहण्याचे साधन आहे, त्याला चार पैसे जास्त देणे परवडते. नसेल तर दीड-दोन इंच जास्त बाकाचे तयार नवे पाटे घ्यावेत. जुने पाटे थकलेले असतील तर हाच मार्ग शेवटी स्वस्त पडतो. नव्या पाट्यांबरोबर यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि बुशही नवेच घालावेत. जुना ताणलेला यू-बोल्ट पुन्हा कसणे ही काटकसर नव्हे.

तिसरी रीत म्हणजे पाटा ॲक्सलच्या खालून काढून वर बसवणे. जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली असतो, त्यामुळे तो वर घेतला की एका झटक्यात पाचेक इंच उंची मिळते आणि सामान म्हणून लागतात फक्त चार बैठका आणि वेल्डिंग. स्वस्तात पाच इंच, म्हणून तरुणांना याचे भारी आकर्षण. पण स्टेअरिंगचा रॉड तिरका होतो आणि चाक खड्ड्यात गेले की गाडी स्वतःहून वळते. जोर दिला की पाटा पिळवटतो. शाफ्टचा कोन वाढून क्रॉस वाजू लागतात आणि ॲक्सलवरची वेल्डिंग सुटली तर मागे काही उरत नाही. स्टेअरिंगची मांडणी, शाफ्ट आणि ब्रेक यांसह जो हे करतो त्याचा खर्च लिफ्ट किटच्या कितीतरी पुढे जातो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे हे काम कोणी आणले तर सरळ नकार द्यावा.

चेसिस आणि बॉडीच्या मधल्या रबरांखाली इंचभराचे ठोकळे घालून नुसती बॉडी उचलण्याचीही एक युक्ती आहे. पाटे, शाफ्ट जागेवरच राहतात, त्यामुळे २१५ टायरसाठी ती पुरेशी ठरते. गिअर लिव्हर, रेडिएटरचा पंखा आणि स्टेअरिंगचा जोड यांचे अंतर मात्र तपासावे लागते.

थारवाल्यांसाठी दोन शब्द. २०१० च्या थारला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहेत. त्यांचा बोल्ट कसला की पुढचा भाग फुकटात वर येतो, म्हणून सगळेच तो कसतात. इंचाच्या पुढे कसला की ॲक्सलच्या जोडांचे कोन वाढतात, रबरी बूट फाटतात आणि चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. २०२० च्या थारला तर चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहे, तिथे पाटेवाल्याचे काम नाही.

उंची दिल्यावर अर्धे काम बाकी असते. जॅक चेसिसला लावून चाके पूर्ण लोंबू द्यावीत. शॉकअप आधी ताणला गेला तर चाकाचा सगळा भार त्याच्या बोल्टवर येतो आणि तो तुटतो, म्हणजे लांब शॉकअप हवा. ब्रेकचा रबरी पाइप या स्थितीत ताठ झालेला दिसला तर तो बदलल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नये. मग एक चाक उंच ठोकळ्यावर चढवून स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि टायर कुठे घासतो ते पाहावे. चेसिसखालचा रबरी बफर तितकाच लांब केला की टायर मडगार्डवर आदळत नाही.

गाडी उलटण्याचा प्रश्न यानंतर येतो. रुंद ट्रॅकच्या जिप्सीच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर सुमारे १३०० मिलिमीटर. समजा वजनाचा मध्य ६५० वर आहे. दोन इंच लिफ्ट आणि मोठा टायर मिळून तो ७३० च्या पुढे गेला, तर वळणावर कलंडण्याला तिचा विरोध दहा टक्क्यांहून अधिक घटतो. घाटात, रात्री, टपावर सामान असताना हे दहा टक्के फार होतात.

कायद्याची बाजू गॅरेजवाल्याला सर्वात जास्त लागू आहे आणि तिच्याबद्दलच सर्वात कमी बोलले जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘एवढ्या इंचापर्यंत चालते’ असे जे गिऱ्हाईक सांगते, त्याला त्याचा कागद विचारावा. बसलेले पाटे मूळ उंचीला आणणे ही दुरुस्ती आहे. त्यापुढच्या कामासाठी मालकाने आधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी, आणि अपघातानंतर विमा कंपनी बदलाचे कारण दाखवून दावा अडवू शकते हेही त्याला ठाऊक असावे. नाइलाजाने गिऱ्हाईक तुटले तरी चालेल.

बिल नेहमी पक्के द्यावे. कोणता टायर, कोणते पाटे, कुठली वेल्डिंग, सगळे त्यावर लिहावे. भाव सांगताना लिफ्टचा आकडा एकटा सांगू नये. पाटे, यू-बोल्ट, शॉकअप, ब्रेक पाइप, टायर आणि अलाइनमेंट यांचा एकत्र आकडा सांगावा. तो ऐकून निम्मी गिऱ्हाइके २१५ टायरवर समाधान मानतात. आणि गाडी सोडताना पाचशे किलोमीटरनंतर परत बोलवावी. नवे पाटे तोवर आपापल्या जागी बसतात आणि यू-बोल्ट हमखास सैल झालेले सापडतात. ते पुन्हा कसायला दहा मिनिटे लागतात.