पाणी मोकळं ठेवणारी माणसं

3 ते 5 मार्च 2017 ला मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रात पॉवरबोटींची शर्यत झाली. 28 फुटी बोटी, 250 अश्वशक्तीची इंजिनं, प्रत्येक बोटीत दोन माणसं. कठड्यावर मुंबई उभी होतीच; मुंबई कशालाही उभी राहते. माझं लक्ष मात्र सारखं भलतीकडं जात होतं. शर्यतीच्या पलीकडं काही बोटी नुसत्याच उभ्या होत्या, शर्यतीकडं पाठ आणि खुल्या समुद्राकडं तोंड करून. त्यातल्या माणसांना शर्यत दिसतच नव्हती. बाहेरचं कुणी आत येऊ नये, एवढं बघत ती दिवसभर लाटांवर डुलत होती.

हे काम किती मोलाचं, हे कळायला दिदिए पिरोनीची हकिकत पुरे. फेरारीकडून फॉर्म्युला वन गाजवलेला हा गडी. 1982 साली होकेनहाइमच्या अपघातात त्याचे पाय मोडले आणि मोटारींची शर्यत सुटली, तेव्हा तो पॉवरबोटींकडं वळला. 23 ऑगस्ट 1987 ला इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइटजवळच्या शर्यतीत त्याची बोट एका तेलवाहू जहाजानं उठवलेल्या लाटेवर उडाली आणि उलटली. बोटीतले तिघंही गेले. जहाजानं त्यांना धडक दिली नव्हती. ते आपल्या वाटेनं गेलं होतं, मागं लाट तेवढी सोडून.

भरधाव बोटीचा तळ पाण्याला जेमतेम टेकलेला असतो. एक आडवी लाट आली की नाक वर होतं, खाली वारा शिरतो आणि बोट मागं कोलांटते. ब्रेक नावाची गोष्ट तिला नसते. समुद्रात लाट निघून तरी जाते. नदीत ती काठाच्या भिंतीवर आपटून परत येते. नोव्हेंबर 2018 मध्ये विजयवाड्याला कृष्णेच्या पात्रात ताशी 200 किलोमीटरच्या वर जाणाऱ्या बोटी धावल्या, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो हाच, की एवढी रुंद नदी रिकामी ठेवायची म्हणजे नेमकं कोण काय करतं?

याचं उत्तर मला मिळालं ते सुरतेत. तिथं पॉवरबोटींची शर्यत होत नाही. पण तापी बंद होते, आणि तीही वर्षातल्या सगळ्यांत गर्दीच्या दिवशी.

उधन्यात माझा मावसभाऊ राहतो. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या बाजूला फिरताना आपण गुजरातेत आहोत याचा अधूनमधून विसर पडतो. जळगाव, धुळे, नंदुरबारहून कापडाच्या कामाला आलेल्या माणसांनी हा भाग भरलेला आहे. गणपती इथं घरोघर बसतो. मावसभाऊ फोनवर सहज बोलून गेला, "ओवाऱ्यांवर पत्रे ठोकले बरं का, यंदाही नदीत जाता येणार नाही." तापीच्या घाटांना सुरतेत ओवारा म्हणतात. पत्रे ठोकून घाट बंद होईल. नदी कशी बंद होईल? ते बघायला मी अनंत चतुर्दशीच्या पहाटे नानपुऱ्याच्या डक्का ओवाऱ्यावर गेलो.

पत्र्यांच्या आडोशाला पोलीस, स्वयंसेवक, चहावाला असा नेहमीचा संसार होता. पत्र्यांच्या पलीकडं, पायऱ्यांखाली, नारिंगी रबरी बोट बांधलेली. बोटीत तिघं होते. त्यातल्या वयस्क माणसाला सगळे आप्पा म्हणत होते. रंग रापलेला, अंगात लाइफ जॅकेट, त्याच्या आत स्वच्छ पांढरा सदरा. मूळचा शहाद्याकडचा. "पोहायला प्रकाशाच्या घाटावर शिकलो," म्हणाला. प्रकाशाही तापीवरच. म्हणजे ज्या पाण्यात शिकला, त्याच पाण्यावर, खालच्या अंगाला, आता पहारा.

पहाटेची तयारी ठरलेली: टाकी भरणं, दोर गुंडाळून ठेवणं, रिंगा मोजणं, टॉर्च, शिट्टी, लोखंडी गळ. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं होतं ते इंजिन. मागं लावलेल्या इंजिनाला ही मंडळी ओबीएम म्हणतात. आप्पा दर थोड्या वेळानं उठायचा, दोरी ओढून ते सुरू करायचा, मिनिटभर फुरफुरू द्यायचा आणि बंद करायचा. बोट जागची हलायची नाही. पेट्रोल आणि ऑइलचा जळका वास तेवढा पायऱ्यांवर पसरायचा. मिरवणुकीचा दिवस म्हटल्यावर मला उदबत्ती, गुलाल, ओल्या नारळाच्या शेंड्या असले वास अपेक्षित होते. तेही होतेच. पण माझ्या कपड्यांत शिरला तो हा ओबीएमचा वास.

"एवढं पेट्रोल का जाळता?" मी विचारलं.

"भाऊ, चार मिनिटं असतात," आप्पा म्हणाला.

माणूस पाण्याखाली गेला की चार मिनिटं. त्यानंतर बाहेर काढला, श्वास आणला, तरी मेंदूचं काही सांगता येत नाही. त्या चार मिनिटांतली दोन आरडाओरडा समजण्यात जातात. उरलेल्या दोनांत इंजिन पहिल्या ओढीला लागलं पाहिजे, म्हणून ते गार होऊ द्यायचं नाही. आणि वाटेत कुणी असता कामा नये. हे शेवटचं वाक्य त्यानं बोटानं नदी दाखवत म्हटलं. समोरचं पात्र पार पलीकडच्या काठापर्यंत रिकामं होतं. एरवी इथं माछीवाडातल्या लोकांच्या होड्या असतात, रेती काढणाऱ्यांच्या नावा असतात. आज सगळ्या काठाला.

मग मला हिशेब लागला. नदी बंद करतात ती बुडणारे कमी व्हावेत म्हणून, हे खरंच आहे. पण त्याहून जास्त ती या एका बोटीसाठी बंद असते. मध्ये एक होडी आली तर तिला वळसा. होडीमागं जाळं असेल तर ते पंख्यात गुंतलं की इंजिन संपलं. आणि रबरी बोट वेगात सुटली की तिची लाट त्या होडीला उलटवणार, म्हणजे एकाच्या जागी तिघं पाण्यात. पिरोनीच्या वेळी मोठ्या जहाजाच्या लाटेनं छोटी बोट गेली. इथं वाचवायला निघालेल्या बोटीच्याच लाटेची भीती.

आप्पाला लाटेचं हे शहाणपण 2006 च्या पुरानं शिकवलं. त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून 9 लाख क्युसेकच्या वर पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. आप्पा तेव्हा अडाजणच्या गल्ल्यांमधून दूध आणि पाणी पोहोचवत होता. "मोटारबोट गल्लीतून जोरात गेली की दोन्ही बाजूच्या घरांत पाणी हिसळायचं. आत लोक खुर्चीवर खुर्ची ठेवून बसलेले. ओरडायचे, शिव्या द्यायचे. मग आम्ही इंजिन बंद करून बांबूनं बोट ढकलायला लागलो."

सुरतेतल्या कुठल्याही जाणत्या माणसाला दोन आकडे पाठ असतात. उकाई पूर्ण भरतं 345 फुटांना, आणि सिंगणपोरच्या कॉजवेवर पाणी 6 मीटरला आलं की रस्ता बंद. गणपती येतात तेच मुळी धरण भरत आलेलं असताना. त्यात अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस, उधाणाची भरती. कॉजवेच्या खाली तापी ही अर्धी खाडीच आहे. खंभातच्या आखातातलं पाणी डक्का ओवाऱ्यापर्यंत चढतं. वरून धरणाचं पाणी, खालून समुद्र, मध्ये शहर. 2025 साली भरतीपुढं लालबागच्या राजाला गिरगावच्या किनाऱ्यावर किती तास थांबावं लागलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. सुरतेच्या बाजूची भरती मुंबईहून कितीतरी मोठी असते, आणि ओहोटीला डुमसचा किनारा दूरवर चिखल उघडा टाकतो. त्या चिखलात रुतलेल्या मूर्ती पाहिलेला माणूस नदीबंदीवर फार वाद घालणार नाही.

पण वाद घालायला माणसं आलीच. दुपारी लिंबायतकडचं एक कुटुंब हातभर उंचीचा गणपती घेऊन पत्र्यापाशी आलं. त्यांना कृत्रिम तलावाकडं जायला सांगितलं गेलं. त्यातले आजोबा अडून बसले. "तीस वर्षं याच पायऱ्यांवरून सोडला मी. आमच्या गावाचं पाणी आहे हे." त्यांचं म्हणणं भूगोलाला धरून होतं. मुलतईहून निघालेली तापी भुसावळ, प्रकाशा करत 724 किलोमीटरांच्या अखेरीला सुरतेला पोहोचते. खानदेशातला माणूस सुरतेत परका होतो. नदी होत नाही. आजोबांना हौदातल्या पाण्याचं कौतुक कसं वाटावं?

मला त्यांची बाजू कळत होती आणि तरीही मी बंदीच्या बाजूनं होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 साली विसर्जनाचे नियम कडक केले, ते पाण्याच्या शुद्धतेसाठी. त्याचं महत्त्व आहेच. पण तलावातल्या मूर्ती रात्री ट्रकनं हजिऱ्याला नेऊन शेवटी समुद्रातच सोडायच्या, यात शुद्धतेपेक्षा पाणी बदलण्याचाच भाग जास्त दिसतो. मला पटलं ते दुसरंच कारण. पत्रे नसते तर या निसरड्या पायऱ्यांवर, उधाणाच्या पाण्यात, ढोल ऐकत, लहान मुलांना खांद्यावर घेऊन हजारो माणसं उतरली असती. आणि आप्पाची बोट एकच.

आजोबा अखेर तलावाकडं गेले. जाताना आप्पाशी अहिराणीत काहीतरी बोलले. दोघं हसले.

भरती चढू लागल्यावर खरी परीक्षा झाली. पलीकडच्या काठावरून एक होडी सुटली. दोघं जण, मध्ये कसलंसं गाठोडं. आप्पाची शिट्टी वाजली, ओबीएम पहिल्या ओढीला लागलं, बोट निघाली. पण सावकाश, लाट न उठवता. मध्यावर बोलणं झालं. लांबून हातवारे तेवढे दिसले. होडी परत फिरली. आल्यावर आप्पा म्हणाला, "सासुरवाडीला चालले होते. म्हणे, पाच मिनिटांत पार होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्याची पाच, माझी चार. कसं जमायचं?"

त्या एका होडीला सोडलं असतं तर काय बिघडलं असतं? बहुधा काहीच नाही. पण काठाला बांधलेल्या बाकीच्या होडीवाल्यांनी ते पाहिलं असतं. त्यांतला एक जण सकाळपासून माझ्याजवळच पायरीवर बसून जाळं सांधत होता. "आमचं तोंड बघून तो त्याला परत पाठवतो," तो म्हणाला. "आज उधाण. मासा चढायचा दिवस. आम्ही बसलोच ना?" त्याची होडी काठाच्या ओळीतली तिसरी होती, दोरानं घट्ट बांधलेली. दिवस बुडाल्याचं त्याला दुःख होतं. बंदी चुकीची आहे असं तो एकदाही म्हणाला नाही.

संध्याकाळी मी हजिऱ्याकडं चक्कर मारून आलो. मोठ्या मूर्ती तिथं क्रेननं उचलल्या जात होत्या. दिवे, लाउडस्पीकर, कॅमेरे, पुढाऱ्यांची ये-जा, सगळं तिथं होतं. याच हजिऱ्याहून 2020 च्या नोव्हेंबरपासून घोघ्याला गाड्या घेऊन जाणारी फेरी सुटते, त्यामुळं मोठ्या जहाजांच्या वेळा, भरतीचं कोष्टक, वायरलेस या गोष्टींची तिथल्या लोकांना सवय आहे. काम नेटकं चाललं होतं. तरी माझा पाय तिथं ठरेना. रात्री पुन्हा डक्क्यावर आलो.

आप्पा तिथंच होता. मधल्या वेळात एकही माणूस पाण्यात पडला नव्हता. म्हणजे दिवसभर त्यानं, बघणाऱ्याच्या लेखी, काहीच केलं नव्हतं. रजिस्टरात त्याच्या बोटीपुढं शून्य लागणार होतं. त्या शून्यासाठी किती वेळा दोरी ओढली, याचा रकाना नसतो. जेवलात का, विचारलं तर म्हणाला, डबा आलाय, पण बदली माणूस आल्याशिवाय बोटीतून उतरता येत नाही. "चार मिनिटं असतात," पुन्हा तेच, आणि पुन्हा ओबीएमची दोरी.

मुंबईच्या शर्यतीत पहिला कोण आला, ते मला आठवत नाही. त्या पाठमोऱ्या बोटी आठवतात, आणि आता त्यांच्या जोडीला हा माणूस.

विसर्जन असो, शर्यत असो की एखाद्या पाहुण्याचा दौरा, आपल्याकडं पाणी बंद करायचे जाहीरनामे आता नेमानं निघतात. वेळा, घाटांची नावं, कायद्याची कलमं त्यात असतात. त्यात आणखी दोन गोष्टी छापा. ज्यांच्या होड्या काठाला बांधून ठेवल्या त्यांना त्या दिवसाची मजुरी किती, आणि पहाऱ्याच्या बोटीवरच्या माणसाला किती तासांनी बदली. मंडपाच्या किंवा बक्षिसाच्या रकमेपुढं हा खर्च किरकोळ आहे.