किडनीसाठी शेजारचा पाट

दोन्ही किडन्या मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही भरत नाहीत. तरीही हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला साधारण एक लिटर, त्यांच्याकडे जातो. हे रक्त आणणारी धमनी अरुंद झाली, की किडनीची मोठी फसगत होते. आपल्याला रक्त कमी मिळतंय म्हणजे साऱ्या शरीरातच ते कमी पडलंय, असं समजून ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते आणि रक्तदाब भडकतो. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमन्या चिमट्याने आवळल्या की रक्तदाब वाढतो, हे दाखवून दिलं.

उतारवयात या धमनीत चरबीचे थर साचतात. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये मात्र बऱ्याचदा टाकायासु आजार आढळतो. त्यात महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंती सुजून आक्रसतात.

उपचारांत आधी औषधं, मग गरजेनुसार फुगा किंवा स्टेंट. चरबीमुळे धमनी अरुंद झालेल्या बहुतेक रुग्णांना औषधांच्या जोडीला स्टेंट घालून विशेष जास्त फायदा होत नाही, असं २०१४ च्या ‘कोरल’ चाचणीत दिसलं. शस्त्रक्रिया तर मोजक्याच रुग्णांवर होते. पण फुग्याने भागत नाही किंवा धमनीच्या फांद्याच बिघडलेल्या असतात, तिथे तिला तोड नाही.

सरळ मार्ग म्हणजे पायातली शीर काढून महाधमनीपासून किडनीपर्यंत नवा पाट काढायचा. लहान मुलांत ही शीर पुढे फुगत जाण्याचा धोका असतो, म्हणून ओटीपोटातल्या धमनीचा तुकडा वापरणं पसंत करतात.

महाधमनीच चुन्यासारखी कडक झाली असेल, तर तिला टाका घालणं धोक्याचं. अशा वेळी सर्जन शेजाऱ्याकडे वळतात. डाव्या किडनीशेजारी प्लीहा असते. तिची धमनी वळवून किडनीला जोडतात. प्लीहा जठराकडून येणाऱ्या बारीक धमन्यांवर तगते. उजव्या बाजूला यकृताच्या धमनीवरून पायातल्या शिरेची जोडवाट काढतात. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं, म्हणून त्याला हा वाटा देणं झेपतं. अर्थात प्लीहा आणि यकृत या दोघांना रक्त पुरवणारी मूळ धमनी मोकळी आहे ना, हे आधी तपासावंच लागतं.

गुंतागुंत फारच असेल, तर किडनी बाहेर काढतात, थंड द्रावणाने धुतात, टेबलावर तिच्या धमन्या दुरुस्त करतात आणि ती त्याच रुग्णाच्या ओटीपोटात बसवतात.

यातला प्रत्येक मार्ग किडनी जिवंत आहे तोवरच उपयोगाचा. आक्रसून निकामी झालेली किडनी नव्या रक्ताने पुन्हा उभी राहत नाही. म्हणून तिशीच्या आत रक्तदाब वाढला, किंवा तीन-तीन औषधांनाही तो दाद देत नसेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नका. किडनीच्या धमन्या तपासायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. पीक जळून गेल्यावर पाटाला पाणी सोडून काय उपयोग?